आम्ही नुस्तं किती टक्के खातो?

'कधीमधी' या गोष्टीचीही टक्केवारी असते, हे मला पुतणी पाचवीत जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. तिच्या इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात एक शिडी छापली आहे. वरच्या पायरीवर ऑलवेज, 100 टक्के. तळाला नेव्हर, शून्य. अधल्यामधल्या पायऱ्यांवर ऑफन 70, समटाइम्स 50, ऑकेजनली 30, सेल्डम 10 आणि रेअरली 5. दुसरं पुस्तक उघडलं की आकडे बदलतात, कारण ते अंदाजे ठोकलेले असतात. पण आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात जे छापलं ते खरं. आणि संध्याकाळी गृहपाठाला बसायची पाळी माझी.

रिकामी जागा होती, 'वी डॅश ईट फिश.' फिश म्हणजे आमचं नुस्तं.

"ऑलवेज!" बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"आणि सोमवार?" आतून आई.

सोमवार गेला. मग दत्ताचा गुरुवार गेला. आठवड्याचे पाच दिवस उरले, म्हणजे साधारण 71 टक्के. पुतणीने खुशीत 'ऑफन' लिहायला घेतलं, तोच आईने एकादशी आणि संकष्टी काढली. त्यामागून अख्खा श्रावण आला. शिवाय 1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बंद. बाबांचं म्हणणं, त्या दिवसांत सुकं असतं, नदीचं असतं. आई म्हणे, सुका बांगडा भाजला म्हणजे नुस्तं खाल्लं असं होत नाही, ती नुसती तोंडाला चव. सुक्या बांगड्याला किती टक्के धरायचं, याची सोय त्या पुस्तकात नाही. शेवटी 'समटाइम्स'वर तडजोड झाली. बाबा रात्री जेवताना गप्प होते. घरात आपण निम्मेच मासे खातो, हे त्यांना कोणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं.

शब्द ठरला तरी तो बसवायचा कुठे, हा पुढचा घोळ. एरवी क्रियापदाच्या आधी, पण इज, आर आले की त्यांच्या मागे. 'ही सेल्डम कम्स लेट', पण 'ही इज सेल्डम लेट'. आणि सेल्डमला वाक्याच्या तोंडाशी बसवलंत तर आणखी पंचाईत. लांबचा पाहुणा आल्यावर घरची माणसं उठून खुर्च्या बदलतात, तसे कर्ता आणि सहायक क्रियापद जागा बदलतात. 'सेल्डम डज ही कम लेट.' प्रश्न नाही, तरी प्रश्नासारखं. समटाइम्सला मात्र हा मान नाही. तो पुढे बसो की मागे, कोणी उठत नाही.

मग पोरीने माझ्यावर मनापासून वाक्य केलं, 'माय अंकल वर्क्स हार्डली.' मी समजावलं, हार्ड म्हणजे कष्टाने, हार्डली म्हणजे जेमतेम, नाहीच म्हटलं तरी चालेल. वहिनी नुकतीच पणजीहून बसने आली होती. तिने वाक्य वाचलं आणि खोडरबर उचलून कपाटात ठेवलं.

शेवटी उरलं 'वन्स इन अ ब्लू मून'. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरीला ब्लू मून म्हणतात. 19 वर्षांत असं साधारण 7 वेळा होतं. हा हिशोब ऐकून आईचे कान टवकारले. अधिक महिनाही 19 वर्षांत 7 वेळाच येतो! जावयाला अनारसे वाढायचा तो धोंड्याचा महिना. चंद्र तोच आणि त्याचं वरकड येणंही तेच. साहेब ते पौर्णिमेत मोजतो, आम्ही महिन्यात. 2023 साली तर अधिक श्रावण होता आणि त्याच ऑगस्टात ब्लू मूनही.

2023चं नाव निघताच बाबांनी पेपर खाली ठेवला. त्या वर्षी आधी ट्रॉलर बंद, त्यात 18 जुलैला अधिक श्रावण लागला, त्यामागून खरा श्रावण, तो संपतो तोच चवथ. "अधिक म्हणजे जादा. जादाचा उपास धरायचा नसतो," असा निर्णय त्यांनी तेव्हा स्वतःपुरता दिला होता. आईने तो अजून मान्य केलेला नाही.

पुतणीने एवढं सगळं ऐकून लिहिलं, 'माय ग्रँडफादर ईट्स व्हेज वन्स इन अ ब्लू मून.'

"खोटं आहे हे," आई म्हणाली. "त्या महिन्यातही नाही."

पालकांच्या सहीची जागा रिकामी होती. बाबांनी पेन मागून घेतलं आणि तिथे आजवरची सगळ्यात वळणदार सही केली.