फोन माझा नव्हता

सुरुवातीलाच सांगून ठेवतो, फोन माझा नव्हता. मागच्या शनिवारी रात्री सव्वाबाराच्या सुमारास भर नाटकात जो फोन वाजला, ज्यामुळे गणपतराव बेलवलकर बोलता बोलता थांबले आणि अख्ख्या नाट्यगृहाने माना वळवून ज्या इसमाकडे पाहिलं, तो इसम मीच. पण फोन माझा नव्हता. माझा फोन घरी फ्रिजवर चार्जिंगला होता. हे मी आतापर्यंत बायकोला, दोन शेजाऱ्यांना, दूधवाल्याला आणि काहीही न विचारणाऱ्या एका रिक्षावाल्याला सांगून झालंय. दूधवाला म्हणाला, "चालतंय हो सर, होतं माणसाकडून." म्हणजे त्यालाही पटलेलं नाही.

गावाचं नाव सांगत नाही. खानदेशातलं आहे, एवढं पुरे. आमच्याकडे नाट्यगृहं इनमिन. गाव सांगितलं की नाट्यगृह कळणार आणि नाट्यगृह कळलं की 'अच्छा, ते फोनवाले सर तुम्हीच का!'

नाटक अर्थातच शिरवाडकरांचं 'नटसम्राट'; गणपतराव बेलवलकर म्हणजे त्यातला म्हातारा नट. आयुष्यभर हायस्कुलात मराठी शिकवल्यामुळे हे नाटक मला निम्मं पाठ आहे, पण धड पाहायला कधी मिळालं नाही. पहिला प्रयोग 23 डिसेंबर 1970 चा, मुंबईत. तेव्हा मी रांगत होतो. पुढे पाहिला तो कॉलेजच्या गॅदरिंगमधला बेलवलकर. त्याची दाढी दुसऱ्या अंकात एका बाजूने सुटली आणि उरलेलं नाटक त्याने गाल धरून केलं. पोरांना वाटलं दाढदुखी आहे. डॉक्टर लागूंना पाहिलं ते मोबाइलवर, तुकड्यातुकड्यांत. 2016 साली नाना पाटेकरांचा सिनेमा आला तेव्हा सहकुटुंब गेलो, तर नानांच्या एन्ट्रीला पुढच्या रांगेत शिट्ट्या आणि मागच्या रांगेत एक आजी नातवाला प्रत्येक प्रसंग घडायच्या आधी समजावून सांगत होत्या. म्हटलं, एकदा तरी हे नाटक जिवंत माणसांनी केलेलं, अंधारात, गप बसून पाहायचं. तिकीट पाचशे रुपये. पेन्शनर माणूस आहे मी.

साडेनऊचं नाटक. साडेनऊला पडदा उघडला आणि आत पाच खुर्च्या, एक समई आणि शालींचा ढीग. सत्कार झाले. ज्यांचे झाले त्यांनी ज्यांनी केले त्यांचे आभार मानले. त्या पाऊण तासात किमान चार फोन वाजले, एक तर माइकसमोरच, आणि त्या गृहस्थांनी तो उचलून "कार्यक्रमात आहे" असं माइकवरच सांगितलं. कोणी थांबलं नाही, कोणी वळून पाहिलं नाही. हे लक्षात असू द्या.

माझ्या शेजारी आप्पा होते. नाव मला कळलं नाही. पुतण्याने पास दिला आणि पुतण्या त्यांना आप्पा म्हणतो, एवढं त्यांनी बसता बसताच सांगितलं. अमळनेरकडचे. पांढरा नेहरू शर्ट, वर तपकिरी जाकीट, मांडीवर केळीच्या वेफर्सचं भलंमोठं पाकीट. पिक्चर तीन वेळा पाहिला म्हणाले, म्हणून पुतण्याने पाठवलं. "या आठवड्यात आमच्याकडे रात्रीची लाईट आहे, सर. गव्हाला पाणी चाललंय. गड्याला मळ्यात बसवून आलोय. लाईट आली की तो फोन करेल." मी म्हटलं, मग तुम्ही इथून काय करणार? "मी त्याला सांगेन ना, मोटार चालू कर म्हणून." मी म्हटलं, ते त्याला माहीत नाही का? आप्पांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझं शेतीतलं अज्ञान कळून आलं.

नाटक सुरू झालं. आप्पांची एक खासियत हळूहळू ध्यानात आली. माझ्याशी ते शुद्ध मराठीत बोलत आणि गणपतरावांशी अहिराणीत. पहिल्या अंकात म्हातारा आपली सगळी मिळकत मुलांना वाटून टाकतो, तिथे आप्पा खुर्चीच्या कडेवर आले. "दिऊ नको रे भो, दिऊ नको!" रंगमंचावरून दाद मिळाली नाही तेव्हा माझ्याकडे वळले. "सर, जिवंतपणी सातबारा पोरांच्या नावावर करायचा नसतो. आमच्या भावकीत दोन घरं बसली अशी." शेक्सपिअरचा लिअर राजा राज्य वाटून फसला आणि शिरवाडकरांनी ते आपल्या घरात आणलं, हे मी वर्गात पंचवीस वर्षं समजावून सांगितलं. दोन भावांचा सातबारा सांगितला असता तर पोरं एका तासात पास झाली असती.

मग रामभाऊ. सिनेमात विक्रम गोखल्यांनी केलेला गणपतरावांचा तो मित्र आप्पांचा फार लाडका. मूळ नाटकात तो नाहीच, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तरी विंगेतून कोणीही आलं, मोलकरीण आली तरी, आप्पा कोपराने ढोसत. "आला का रामभाऊ?" नाही हो. "मग मध्यंतरानंतर येईल." मध्यंतरानंतर ते चहा पिऊन ताजेतवाने होऊन बसले आणि वेफर्सचं पाकीट काढलं.

हे पाकीट त्यांनी सभ्यपणाने उघडलं, तक्रार तीच आहे. दणकन फाडलं असतं तर एक आवाज होऊन विषय संपला असता. पण लोकांना त्रास नको म्हणून आप्पा ते चिमटीत धरून एक-एक दोरा सोडवावा तसं उलगडत होते. कर्रर्र. थांबले. आजूबाजूला पाहिलं. पुन्हा कर्रर्र. त्या एका पाकिटात गणपतराव मुलाचं घर सोडून मुलीच्या घरी पोचले. शेवटी ते उघडलं, तेव्हा मलाच सुटल्यासारखं वाटलं. दोन वेफर्स त्यांनी माझ्या तळहातावर ठेवल्या. काळी मिरी लावलेल्या होत्या. चांगल्या होत्या. आता त्या तोंडात कुरकुरू द्यायच्या नाहीत म्हणून मी गालात धरून विरघळवत बसलो. केळीची वेफर विरघळत नाही, ही माहिती कोणाला उपयोगी पडली तर पडो.

मग आप्पांना उकडायला लागलं. डिसेंबरात. त्यांनी जाकीट काढलं आणि हात मिठाचे, पाकीट मांडीवर, म्हणून "धरा बरं सर जरा" म्हणत माझ्या मांडीवर ठेवलं. मी धरलं. शिक्षकाला कोणीही काहीही धरायला सांगतो आणि तो धरतो.

रंगमंचावर मुलीच्या घरी पैसे सापडत नव्हते आणि म्हाताऱ्यावर चोरीचा आळ आला. नाट्यगृह चिडीचूप. माझ्या पुढची बाई पदराने डोळे पुसत होती. आप्पांना ते सोसेना. "चोरी यानी नही करी, बाई!" ते कळवळून म्हणाले. खरं सांगतो, त्या क्षणी मला तो माणूस फार आवडला.

आणि माझ्या मांडीवर लग्नाचा बँड वाजायला लागला.

बँडच. आमच्याकडच्या वरातीत असतो तसा, ताशासकट. जाकिटाला बाहेरून दोन, आतून एक असे खिसे आणि शिवाय एक चोरखिसा, जो शिंप्याने का शिवला देव जाणे. फोन त्यात. मी अंधारात चाचपडतोय, बँड वाजतोय, खिशातून निळा उजेड थेट माझ्या हनुवटीवर. गणपतराव थांबले. त्यांची बायको, 'सरकार', थांबल्या. तो नट दोन पावलं पुढे आला, हात मागे बांधले आणि माझ्याकडे बघत उभा राहिला.

आता इथे काय करायचं असतं? 'फोन माझा नाही' असं मोठ्याने ओरडायचं? माझ्या मांडीवर वाजतोय, माझ्या हनुवटीवर उजेड आहे. शेवटी बँड आपला आपण थांबला. त्या शांततेत आप्पा माझ्याकडे वळले आणि चार रांगांना ऐकू जाईल असं हळूच म्हणाले, "बंद ठेवायला काय होतं, सर?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं, का मग त्या रात्री सभागृहात दोन नट होते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. डॉक्टर लागू मुळात कान-नाक-घशाचे सर्जन. ते असते तर आप्पांचा कान तरी तपासून घेतला असता.

सिनेमाचं एक बरं असतं. पडद्यावर नाना थांबून तुमच्याकडे बघत नाहीत. मागच्या आजी बोलोत की पुढची पोरं शिट्ट्या मारोत, ते आपले रडून मोकळे होतात. मी पाचशे रुपये भरले ते नटाने आपल्याकडे बघून बोलावं म्हणून; बघितलंन, पण असं.

राग नटाचा नाही. जळगावला बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आहे. बालगंधर्व म्हणजे नारायणराव राजहंस, लहानपणी त्या गावात मेहबूब खानांकडे गाणं शिकले. पुढे 1911 साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता त्याच दिवशी त्यांचं मूल गेलं, आणि तरी ते तोंडाला रंग लावून उभे राहिले. अशा लोकांच्या धंद्यात मध्येच वरात वाजली तर त्यांनी बघायलाच पाहिजे. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टींचा. नाटकवाले म्हणतात खानदेशात प्रेक्षक नाही. मग नाशिक करतात आणि थेट संभाजीनगर गाठतात. आम्ही मधले वर्षातून दोनदा भिकेसारखं नाटक पदरात पाडून घ्यायचं, त्यातला पाऊण तास शाली खाणार, पुढच्या दोन रांगा सोफ्यांच्या आणि फुकट पासांच्या, अर्ध्या मध्यंतरानंतर रिकाम्या. स्वच्छतागृहाबद्दल मी लिहिणार नाही. आणि शेतकऱ्याला वीज रात्री बाराला द्यायची, मग त्याने फोन बंद ठेवायचा तरी कसा? बघा, मी आप्पांचीच वकिली करायला लागलो.

नाटक दीडला संपलं. मला मागच्या दाराने निघून जायचं होतं. पण आप्पांनी दंड धरला. "चला, त्यांना भेटून सॉरी म्हणून टाकू. मन हलकं होतं." मी नको नको म्हणेपर्यंत आम्ही रंगपटात. गणपतराव बनियनवर बसले होते, अर्धी दाढी गालावर आणि अर्धी टेबलावर, गालावर गोंदाचे पापुद्रे, कापसाच्या बोळ्याने एक-एक सोलत होते.

"हे आमचे सर," आप्पा म्हणाले. "शिक्षक आहेत. चुकून झालं त्यांच्याकडून."

नट हसला. फार चांगलं हसला, त्याचाच जास्त त्रास झाला. "अहो, होतं असं. फक्त पुढच्या वेळी सायलेंटवर ठेवा."

आणि मी म्हणालो, "हो."

का म्हणालो माहीत नाही. म्हणालो.

"एक विचारू का?" आप्पा. "तो रामभाऊ का काढला?" नटाने थकलेल्या आवाजात सांगितलं, की तो सिनेमात घातलाय, मूळ नाटकात नाही. आप्पांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आर्टिस्ट आला नसेल." आत असताना त्यांनी आमचा तिघांचा सेल्फीही काढला, त्याच फोनवर. पार्किंगमध्ये त्याच फोनवर मिस्ड कॉल दिसला. "आरे, लाईट उनी व्हती वाटतं!" बास, पुढे काही नाही.

मग म्हणाले, "नंबर सांगा, फोटो पाठवतो. रिंग देतो, सेव्ह करून घ्या." त्यांनी नंबर लावला, फोन कानाला धरला आणि माझ्या खिशाकडे पाहत उभे राहिले. खिसा गप्प.

"वाजत नाही," ते म्हणाले.

"घरी आहे," मी म्हणालो. "संध्याकाळपासून घरीच आहे."

आप्पांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, चांगला दाबला.

"बंद केला ना? बरं केलं, सर. उशिरा का होईना."