‘आमच्या घराण्यातच बीपी आहे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘बीपीसाठी मीठ दिवसाला पाच ग्रॅमवर आणा’ असं सांगणाऱ्या माझ्या मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आजोबांना बीपी होतं, वडिलांना पक्षाघात झाला, तुम्हाला एकेचाळिसाव्या वर्षी गोळी सुरू झाली. उलट तुमच्या सासूबाई आयुष्यभर पानात वरून मीठ घेत आल्या आणि पंचाहत्तरीतही त्यांचं बीपी 124/78 आहे. तेव्हा हा सगळा जनुकांचा खेळ आहे, मिठाला उगाच बदनाम करू नका; आणि ‘तुमच्यासारखे लेखक आजारी माणसाला त्याच्याच ताटाची लाज वाटायला लावतात.’

शेवटच्या वाक्याचं आधी बोलतो, कारण ते लागलं आणि ते खरं आहे. माझ्या लेखात ‘मीठ आवरा, बीपी आवरेल’ असं वाक्य होतं. ते चूक होतं, मी ते काढून टाकलंय. ज्याच्या घरात तीन पिढ्या हा त्रास आहे त्याला त्यातून ‘तूच ओढवून घेतलंस’ एवढंच ऐकू येणार. तुम्ही काहीही ओढवून घेतलेलं नाही. माणसामाणसांच्या बीपीत जो फरक दिसतो, त्यातला साधारण 30 ते 50 टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. 2018 साली दहा लाखांहून जास्त लोकांच्या जनुकीय माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा बीपीशी नातं असलेल्या, जनुकसंचातल्या जागांची संख्या 901 वर गेली. एकेका जागेचा परिणाम अगदी थोडा, पण एखाद्याच्या वाट्याला अशा बऱ्याच एकदम येतात.

इथवर तुमचं-माझं एकमत आहे. पण ‘जनुकं आहेत, म्हणजे मीठ नाही’ हे मला पटत नाही. ही जनुकं शरीरात नेमकं करतात काय, हे पाहिलं की दोन्ही गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्राव गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं. दीड किलो! त्यातलं 99 टक्क्यांहून जास्त मीठ किडनी परत रक्तात घेते आणि उरलेलं चिमूटभर लघवीतून सोडते. परत किती घ्यायचं, किती सोडायचं, हा हिशोब तुमची जनुकं ठरवतात. तो जरासा जरी जास्त राखण्याच्या बाजूला झुकला, तरी मिठामागून पाणी थांबतं, आणि साठलेलं मीठ बाहेर ढकलायला किडनीला जास्त दाब लागतो. तो जास्तीचा दाब म्हणजेच तुमच्या यंत्रावर दिसणारा आकडा.

यातलं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण अमेरिकी डॉक्टर ग्रँट लिडल यांचं. 1963 साली त्यांनी एका कुटुंबाची हकीकत मांडली. त्यातल्या एका तरुण मुलीचं बीपी भयंकर चढलेलं असायचं आणि तिच्या भावंडांतही तोच त्रास होता. घराण्यातलंच बीपी, अगदी तुमच्यासारखं. पुढे अनेक वर्षांनी तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि दुसऱ्या माणसाची किडनी बसवावी लागली. त्यानंतर तिचा तो मूळ विकारच गेला. शरीरातल्या बाकी सगळ्या पेशींत जनुक तेच होतं, पण किडनी बदलली आणि बीपी उतरलं. 1994 मध्ये दोष सापडला: किडनीतली सोडियम (मिठातला मुख्य घटक) आत घेणारी वाट बंदच होत नव्हती. एकाच जनुकामुळे बीपी चढण्याचे जे दुर्मिळ आजार नंतर उलगडले, त्यांतल्या बहुतेकांची गोष्ट अशीच किडनीच्या मीठ राखण्यापाशी येऊन थांबते. याउलट गिटेलमन नावाच्या आजारात किडनीला मीठ धरून ठेवता येत नाही, आणि त्या माणसांचं बीपी कमीच राहतं.

आता तुमच्या सासूबाई. त्यांची किडनी बहुधा मीठ झटपट सोडून देणारी आहे. अमेरिकी संशोधक लुईस डाल यांनी 1962 मध्ये उंदरांचे दोन वंश वेगळे काढले होते. खारट खाणं दोघांना सारखंच, पण एका वंशाचं बीपी चढायचं, दुसऱ्याचं नाही. तुम्ही म्हणता तोच हा मुद्दा. पण त्याच प्रयोगाची दुसरी बाजू फार कमी सांगितली जाते: चढणाऱ्या वंशाला कमी मिठावर ठेवलं, तर त्यांचंही बीपी खूपच कमी चढायचं. जनुकं तीच होती.

माणसांतही हे दिसलंय. केनियातल्या लुओ समाजातले लोक गावाकडून नैरोबीत राहायला गेले, तेव्हा काही महिन्यांतच त्यांचं बीपी गावाकडच्यांपेक्षा वर गेलेलं आढळलं. 1990 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. वजन वाढलं, ताण वाढला, हेही त्यात असणार. पण लघवीतलं सोडियम वाढलं होतं, म्हणजे खाण्यातलं मीठ वाढलं होतं, आणि पोटॅशियम घटलं होतं. माणसं मात्र त्याच समाजातली, त्याच रक्ताची. 2023 मध्ये अमेरिकेत 213 जणांना एक आठवडा भरपूर मीठ आणि एक आठवडा अगदी अळणी खाणं दिलं गेलं. वरच्या आकड्यात सरासरी 8 चा फरक पडला, गोळ्या घेणाऱ्यांतही. साधारण चौघांतल्या तिघांचं बीपी उतरलं. चौथ्याचं उतरलं नाही, हे तितकंच खरं.

तो चौथा माणूस आमच्या घरात आहे. मी आणि धाकट्या भावाने एकदमच मीठ कमी केलं. रोज सकाळी वजनकाट्यावर दोघांसाठी पाच-पाच ग्रॅम मीठ मोजून दोन वाट्यांत काढायचो. एक सपाट चमचासुद्धा भरत नाही ते. दिवसभराचं सगळं त्यातच. महिन्याभरात माझं वरचं बीपी 148 वरून 136 वर आलं. त्याचं दोनने हललं, म्हणजे जवळजवळ नाहीच. तो निराश झाला, आणि मी त्याला ‘तू चोरून खात असशील’ असं म्हणालो. त्या शब्दांचं मला आजही वाईट वाटतं. तुमची प्रतिक्रिया वाचताना तोच समोर बसलाय असं वाटत होतं.

‘कमी मीठही धोक्याचं’ म्हणून तुम्ही जो 2014 चा अभ्यास सांगितलात, त्यात माणसाचं मीठ सकाळच्या एकाच लघवीच्या नमुन्यावरून अंदाजलं होतं. आजारी माणसं मुळात खातातच कमी, हीही अडचण. त्यावरून मी पाच ग्रॅमचा सल्ला मागे घेणार नाही.

गोळी मात्र मीठ कमी केलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. आणि सोडियमऐवजी पोटॅशियम असलेलं मीठ आणायचं असेल तर आधी किडनीची तपासणी करून डॉक्टरांना विचारा. किडनी दुखावलेली असेल किंवा काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर पोटॅशियम धोकादायक पातळीवर चढू शकतं.

तुमच्या मुलाबद्दल तुम्ही ओझरतं लिहिलंय, तो चोवीसचा आहे आणि ‘त्याच्याही नशिबात हेच’. त्याने कोणाची किडनी घेतलीय, तुमची की आजीची, हे आज सांगता येणार नाही. त्याचं बीपी आत्ता मोजा, पाच मिनिटं शांत बसवून, दोनदा. आकडा इथे लिहिलात तर मी वाट बघतोय.