मामांचं नाव कसं नाकारावं

वेबसाइटचे फॉर्म बनवणाऱ्या होतकरू मंडळींनो, परवा रात्री साडेनऊ ते पावणेबारा मी साताऱ्याच्या मामांचा एक अर्ज भरत होतो. मी लॅपटॉपवर, मामा फोनवर आणि ओटीपी मामींच्या मोबाइलवर. पंधरा वर्षं पीएचपी या वेबसाइट घडवायच्या प्रोग्रॅमिंग भाषेत पोट भरणाऱ्या माणसाला त्या सव्वादोन तासांत जे नव्याने कळलं, ते एकट्याजवळ ठेवणं बरं नव्हे.

रकान्यावर ठळक लिहा, ‘अर्जदाराचे नाव मराठीत’. खाली लाल रंगात, ‘फक्त अक्षरे व अंक चालतील’. मामांचं आडनाव कुऱ्हाडे. मी ‘कु’ टाइप केलं, रकाना लाल. खोडून पुन्हा टाइप केलं, पुन्हा लाल. सूचना मराठीत, मागणी मराठीची, पण ‘क’ हे काही अक्षर नाही. हे साधायला कष्ट पडत नाहीत. रेगेक्समध्ये, म्हणजे काय चालेल ते सांगणाऱ्या साच्यात, इंग्रजीची धाकटी ए ते झेड, थोरली ए ते झेड, शून्य ते नऊ. झालं.

तेवढंही लिहायचा कंटाळा असेल तर पीएचपीत सीटाइप-अल्नम हे ‘अक्षर किंवा अंकच आहे ना’ बघणारं फंक्शन तयार आहे. ते एकेक बाइट तपासतं. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मजकूर साठवायच्या रूढ पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि त्यातला एकही आस्कीतला, म्हणजे इंग्रजीपुरत्या जुन्या चिन्हयादीतला, नाही. एका फटक्यात अख्खी बाराखडी नापास! शिवाय त्याला ५ हा पूर्णांक दिलात तर ते त्याला पाच समजत नाही, ५ क्रमांकाचं आस्की चिन्ह समजतं आणि ‘नाही’ म्हणतं. ६५ दिलात तर थोरला ‘ए’ समजून खुशाल ‘हो’ म्हणतं. ८.१ आवृत्तीपासून पीएचपी स्वतःच बजावतंय की असं करू नका. तुम्ही करा.

चूक सापडली की अख्खा फॉर्म कोरा करा. कॅप्चासकट.

पत्त्यात तिरपी रेघ चालू देऊ नका. गट नंबर १२७/२ मधली रेघ काढली की मामांचं घर थेट १२७२ मध्ये. गावाबाहेर गेलं, पण फॉर्म पुढे सरकला.

नावाची लांबी बाइट मोजणाऱ्या स्ट्रलेननेच मोजा. ‘ज्ञानेश्वर’ हे बघणाऱ्याला चार अक्षरी नाव, युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या चिन्हयादीच्या हिशेबाने १० चिन्हं आणि स्ट्रलेनच्या हिशेबाने ३० बाइट. मर्यादा २० ची ठेवून सरळ कापलंत, तर ‘ज्ञाने’ उरतं आणि पुढे काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह.

आता तुमच्यातले हुशार. त्यांना ठाऊक असतं की रेगेक्स चालवणाऱ्या प्रेग-मॅचला युनिकोडचा यू जोडला आणि बॅकस्लॅश पी एल, म्हणजे ‘कुठलंही अक्षर’, लिहिलं की जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं चालतात. जावास्क्रिप्टमध्येही २०१८ पासून ही सोय आहे. शाब्बास. फक्त काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त यांतलं काहीच युनिकोडच्या लेखी ‘अक्षर’ नाही. ती ‘मार्क’, त्यांचा वर्ग एम. त्यामुळे तुमच्या फॉर्मवर कमल, मदन, शरद, गणपत एवढीच मंडळी अर्ज करू शकतात. विठ्ठल नाही, रुक्मिणी तर नाहीच. बाकीच्यांच्या आईबापांनी बारशाच्या वेळी विचार करायला हवा होता! आणि समजा कोणी एमही घातला, तरी कुऱ्हाड्यांची सुटका नाही. कारण काही कीबोर्ड तो अर्धा ‘र’ काढायला र, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकतात, झेडडब्ल्यूजे. ते अक्षर नाही, मार्क नाही, अंकही नाही. आलं की लाल. मामा तिकडून विचारताहेत, ‘अरे, माझ्या आडनावात काय खोट आहे?’ काय सांगू त्यांना? मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे, शाळेतलं पोर सांगेल. आणि तुम्ही त्या ‘ऱ्या’ला घुसखोर ठरवून बाहेर उभं करता?

वर उत्तर काय, तर सुरक्षा. हॅकर येतील. एसक्यूएल इंजेक्शन होईल, म्हणजे रकान्यातून कोणी डेटाबेसलाच हुकूम सोडेल. अरे, इंजेक्शन अडवायला हुकूम आणि माहिती वेगळी ठेवणारं प्रिपेअर्ड स्टेटमेंट असतं, पानावर दाखवताना घातक चिन्हं निरुपद्रवी करणारं एचटीएमएलस्पेशलचार्स असतं. नावातली अक्षरं कापून कोणता किल्ला लढवतोयस तू? आणि तुझा तो रेगेक्स, शेवटी ‘इथे संपलं’ सांगणारा डॉलर लावलेला? त्या डॉलरच्या तोंडून शेवटची एक नवी ओळ बिनदिक्कत आत जाते. तिला अडवायला धाकटा झेड किंवा डी मॉडिफायर लागतो, तो तू लावलेला नाहीस. म्हणजे चोरासाठी फट ठेवलीस आणि पंच्याहत्तरीच्या माणसाला दारात उभं केलंस. तपासणी तरी सर्व्हरवर आहे का? की ब्राउझरमध्येच उरकलीस, कोणीही जावास्क्रिप्ट बंद करून आत येईल अशी?

तू स्वतः मराठी आहेस ना? एकदा, फक्त एकदा, स्वतःचं नाव त्या रकान्यात टाकून बघायचं होतंस. आईचं टाकायचं होतंस. टेस्टिंगला ‘ए बी सी एक दोन तीन’ टाकलंस, हिरवी खूण आली, आणि चहाला गेलास.

पावणेबाराला मी मराठीच्या रकान्यात इंग्रजी लिपीत आडनाव लिहिलं. ताबडतोब हिरवं. पावतीवर यंत्राने ते पुन्हा मराठी करून छापलं, ‘कुरहाडे’. सातबारावर एक, आधारवर तेच, आणि इथे हे. आता मामा तलाठ्याकडे, मग प्रतिज्ञापत्राला, दोन एसट्या बदलून. फोनवर ते एवढंच म्हणाले, ‘असू दे रे, झोप आता.’

असू दे नाही. उद्या सकाळी ती फाइल उघड. एल, एम आणि अंकांचा एन, तिन्ही घाल. झेडडब्ल्यूजे घाल, यू घाल, शेवटचा डॉलर बदल, लांबी चिन्हं मोजणाऱ्या एमबी-स्ट्रलेनने मोज. आणि टेस्टिंगला पहिलं नाव टाक, कुऱ्हाडे.