परदेशी खूळ आणि जिन्याजवळचा बोर्ड

८ मार्चला आमच्या सांगलीच्या ऑफिसात गुलाबाचं फूल, सामोसा आणि 'मॅडम, दोन शब्द बोला' असा रीतसर कार्यक्रम झाला. सामोसा खाता खाता एक सहकारी म्हणाले, "ताई, हे महिला दिन वगैरे परदेशी खूळ. आपल्याकडे सावित्रीबाई होत्या की, इथल्याच, नायगावच्या!" मी हसले आणि गप्प बसले. उत्तरं मला नेहमी घरी भाकऱ्या थापताना सुचतात.

दिवस परदेशी, कबूल. १९१० साली कोपनहेगनच्या समाजवादी महिला परिषदेत जर्मनीच्या क्लारा झेटकिनने तो सुचवला. पण म्हणून सगळं तिकडूनच इकडे आलं असं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशी शब्दरचना होती. भारताच्या प्रतिनिधी, आपल्या हंसा मेहता अडून बसल्या, 'सर्व माणसं' लिहा. लिहावं लागलं. एका शब्दानं काय होतं? सातबाऱ्यावर नाव चढवायला तलाठ्याकडे हेलपाटे घातलेल्या बाईला विचारा.

पुढे १९७९ साली संयुक्त राष्ट्रांत स्त्रियांवरच्या भेदभावाविरुद्धचा करार झाला, १९९३ मध्ये भारतानं तो मान्य केला. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरी देवीवर बलात्कार झाला, त्यातून विशाखा खटला उभा राहिला. तेव्हा कामाच्या जागी होणाऱ्या छळाविरुद्ध आपल्याकडे कायदाच नव्हता. सुप्रीम कोर्टानं १९९७ साली याच कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले. कायदा यायला २०१३ उजाडलं. आमच्या जिन्याजवळचा तक्रार समितीचा बोर्ड आला तो असा.

त्या बोर्डावरच्या अध्यक्ष मॅडम कधीच्याच रिटायर झाल्यात. 'बाहेरील सदस्य' या शब्दांपुढे नुसती रेघ.

आणि आमच्या सांगली जिल्ह्यातलं कासेगाव विसरून कसं चालेल? अमेरिकेत जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट तिथल्या पाटणकरांच्या सून झाल्या, इथंच राहिल्या, इथंच गेल्या. सासूबाई इंदूताई स्वातंत्र्यसैनिक. नवऱ्यानं टाकलेल्या बाईला स्वतःचं रेशनकार्ड मिळावं, म्हणून याच घरातून चळवळ उभी राहिली. (सासू-सून एका मोर्चात! आमच्याकडे एका किचनमध्ये जमत नाही.) असली परदेशी खुळं आणखी चार आली असती तर माझी काही हरकत नव्हती.

सोमवारी बोर्डावरची नावं बदलायचा अर्ज देतेय. पहिली सही त्या सहकाऱ्यांची घेणार आहे. दोन सामोसे खाल्लेत त्यांनी.