तिसरा डोस ‘राहिलाय’

दर वर्षी इंटर्न डॉक्टरांची नवी बॅच येते आणि मी तोच प्रश्न विचारते, हेपॅटायटिस बीच्या (रक्तातून पसरणाऱ्या, यकृताच्या आजाराच्या) लशीचे तिन्ही डोस झालेत का? उत्तर ठरलेलं. “दोन झालेत मॅडम, तिसरा राहिलाय.” अरे, राहिलाय म्हणजे काय? ०, १, ६ महिने, एवढंच तर वेळापत्रक! पेपरात एचबीएसएजी, विंडो पिरियड या त्याच्या तपासणीतल्या संज्ञा घडाघडा लिहिता, आणि स्वतःच्या दंडावर सुई घ्यायला मुहूर्त लागतो? (“लहानपणी झालं असेल, आईला विचारते” म्हणणाऱ्या वेगळ्याच.) टायटरचं, म्हणजे लशीने रक्तात किती प्रतिपिंडं तयार झाली या तपासणीचं, तर नावच काढू नका. अँटी-एचबीएस (हीच ती प्रतिपिंडं) संरक्षणासाठी लागणाऱ्या १० च्या वर गेलंय का, हे तपासायचं असतं हेच कित्येकांच्या गावी नाही.

एचआयव्हीचा पेशंट म्हटलं की मात्र डबल ग्लोव्हज! पेशंटची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के, लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बीचा ३० टक्क्यांपर्यंत. पण भीती कुणाची? एचआयव्हीची.

मग रात्री दोनला कुणीतरी सुईला टोपण परत लावताना बोट टोचून घेतं आणि इम्युनोग्लोब्युलिनसाठी (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनसाठी) आमची धावाधाव. परवाही फोन आला, रडवेला आवाज.

“डोस किती झालेत?”

“दोन, मॅडम.”