म्हणे लोकांना दंडुकाच कळतो!

फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतंय. 'सत्ता म्हणजे दंडुका, माणूस मुळातच गुलाम, भीती गेली की शिस्त गेली', आणि खाली चार 'पुरावे'. एरवी मी असलं वाचत पण नाही, पण आत्याचा मुलगा नुकताच शाळेत शिक्षक म्हणून लागलाय आणि त्याने खाली लिहिलं, 'सोमवारपासून वर्गात हेच', मग मात्र डोकं फिरलं.

पहिला पुरावा, मूठभर इंग्रजांनी काठीच्या जोरावर तीस कोटींवर राज्य केलं. अरे पण काठी होती कुणाच्या हातात? शिपाई आपला, हवालदार आपला, सारा वसूल करणारा कुलकर्णी आपलाच. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या तळावरच्या नाविकांनी आधी जेवण नाकारलं, मग हुकूम नाकारला, आणि बघता बघता प्रकरण कराचीपर्यंत गेलं. बंदुका होत्या तेवढ्याच होत्या, चालवणारे ऐकेनात.

दुसरा म्हणे 'शास्त्रीय', आणि हाच सगळ्यात घाण आहे. अमेरिकेत येल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रामने प्रयोग केला, कोटवाल्या माणसाने सांगितलं म्हणून 65 टक्के लोकांनी समोरच्याला 450 व्होल्टपर्यंत शॉक दिला, म्हणजे माणूस गुलाम, सिद्ध. (शॉक खोटे होते, हे फॉरवर्डमध्ये नाही, असो.) 40 पैकी 26 जण शेवटपर्यंत गेले हे खरंय, ते मान्य करावंच लागतं. पण त्याच मिलग्रामने हा प्रयोग बदलून बदलून केला, ते कोण सांगणार? तो कोटवाला साहेब खोलीतून उठून गेला आणि फोनवर हुकूम द्यायला लागला तर आकडा विसेक टक्क्यांवर आला, आणि त्यात काही जणांनी फोनवर 'हो हो, वाढवलं' म्हणून सांगितलं आणि प्रत्यक्षात सगळ्यात कमीचंच बटण दाबत बसले! शेजारी बसलेल्या दोघांनी 'आम्ही नाही करत' म्हटलं तर 40 पैकी फक्त चौघं शेवटपर्यंत गेले. दोन साहेबांचंच आपसात जुंपलं तर एकही नाही. माणूस तोच, मशीन तेच, दंडुका तर कुठल्याच खोलीत नव्हता. बदललं काय, तर आजूबाजूचे काय करतायत ते.

तिसरा, 'कडक कायदा करा, लोक सरळ होतात'. महाडचं चवदार तळं घ्या. 1923 मध्ये मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा बोल्यांचा ठराव झाला, 1924 मध्ये नगरपालिकेनेही तळं खुलं केलं, म्हणजे सरकारी कागद अस्पृश्यांच्या बाजूने, तरी 20 मार्च 1927 पर्यंत त्या पाण्याला हात लावायची सोय नव्हती. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर लाठ्या चालल्या, म्हणजे दंडुका होताच, नाही कोण म्हणतंय, पण तो सरकारचा नव्हता, गावाचा होता. जातपंचायतीकडे तरी कुठे पोलीस आणि तुरुंग असतात? लग्नाला कोणी येणार नाही, मयताला खांदा मिळणार नाही, एवढ्यावर माणूस गुपचूप दंड भरतो. म्हणून तर 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

चौथा, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या. धावल्या असतील. मार्च 1977 मध्ये त्याच निमूट लोकांना मतपेटी मिळाली आणि रायबरेलीत खुद्द इंदिराबाई पडल्या.