पारव्याला ज्वारी, मग कवड्याला काय?

सोसायटीच्या ग्रुपवर कबुतरांवरून पुन्हा जुंपली आहे. एक गट म्हणतो, मुक्या जिवाला दाणे टाकणं म्हणजे पुण्य. दुसरा गट बाल्कनीच्या जाळीची कोटेशनं पाठवतोय. तिथे तोंड उघडलं की तुम्ही कोणाच्या बाजूच्या ते आधी विचारतात, म्हणून इथे लिहितेय.

माझं म्हणणं: दाणे बंद करा. आणि पारव्याला, म्हणजे या कबुतराला, शिव्या देणंही बंद करा.

पारवा मूळचा कड्याकपारीतला. गडांच्या कड्यांत, लेण्यांत, जुन्या विहिरींच्या कोनाड्यांत तो कधीपासून घुमतोय. आपण वीस-वीस मजली कडे उभारले, एसीच्या युनिटमागे कपारी करून दिल्या आणि खाली चौकात ज्वारीची पोती ओतली. चिमणीला पिल्लं वाढवायला अळ्या-किडे शोधावे लागतात. कबुतराचं तसं नाही. नर-मादी दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो, पिल्लांचे सुरुवातीचे दिवस त्यावरच निघतात. दाणे बारा महिने, तर पिल्लंही बारा महिने.

आता याच घराण्यातला पाचू कवडा बघा. कर्नाळ्यात, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात, गोव्यात मोलेच्या रानात नशीब असेल तर दिसतो. सावलीत पाचोळ्यावरून चालत असतो तेव्हा काळपट, मळकट काहीतरी वाटतं. कवडशात आला की पंख असे हिरवे चमकतात की बघत राहावं. छाती जांभळट गुलाबी, चोच लाल, नराच्या कपाळावर पांढरं. आपलं एक पाऊल जास्त पडलं की फडफडाट करून खोडांच्या मधून जमिनीलगत सुसाट जातो, पाठीवरचे दोन फिकट पट्टे तेवढे दिसतात. मग नुसता खोल, नाकातून काढल्यासारखा 'हूंऽ... हूंऽ' ऐकत बसायचं. तामिळनाडूने याला राज्यपक्षी केलंय. (आपला राज्यपक्षी हरियालही कबुतरांच्याच कुळातला, पण ते दाणेवाल्यांना सांगून बघा!)

याचीही अंडी दोनच, घरटं तसंच चार काड्यांचं गबाळं, पिल्लांना दूधही तसंच. पण याच्यामागे पोतं घेऊन कोणी उभं नाही. झाडाखाली जे बी, जे फळ पडेल त्यात भागवायचं. म्हणून तो रानाला झेपेल एवढाच राहतो.

आणि आयता खाणारा सुखात आहे म्हणाल, तर दाणे टिपणाऱ्या थव्याच्या पायांकडे एकदा नीट बघा. केस, दोरे, मांजा आवळून बोटं झडलेली, कुणाचा तर नुसता खुंट.

२०२५च्या जुलैत सरकारने मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितले. दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री लागली, ऑगस्टमध्ये लोकांनी ती फाडली, हायकोर्टातही प्रकरण गाजलं. वाळलेल्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने काहींची फुप्फुसं कायमची खराब होतात, तरी आग्रह दाण्यांचाच. एवढ्या तावातावाने एखाद्या रानासाठी किती जण रस्त्यावर येतात?

पुण्यच करायचंय ना? मग कोकणातल्या आपल्या जमिनीच्या तुकड्यावर करा. 'साफसफाई' म्हणून ग्रासकटर फिरवून सगळं बोडकं करू नका. पाचोळा पेटवू नका, कवड्याचं ताट तेच आहे. वड-उंबर आपोआप उगवला असेल तर राहू द्या, हरियाल येतील.

फार्महाउसवाल्यांना वेगळं सांगते: रानाकडे तोंड केलेली ती भिंतभर काच. कवडा खालून आणि वेगात उडतो, काचेत झाडंच दिसतात, थेट आदळतो. सिंगापुरात काचेवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांत याचा नंबर बराच वरचा आहे. पक्ष्यांना घाबरवायला ससाण्याचा एकच स्टिकर चिकटवून काही होत नाही. काचभर, बाहेरच्या बाजूने, दोन इंचांहून जास्त अंतर न सोडता ठिपके लावा. व्ह्यू थोडा बिघडेल, बिघडू दे.